घाटवाटांसाठी बूट घेताय? आधी उतराचा विचार करा

पाऊस उघडला, गवत पिवळं पडायला लागलं की दरवर्षी मला चार-पाच जण तरी विचारतात, दादा ट्रेकिंगला कुठले शूज घेऊ, आणि मी दरवेळी उलटा प्रश्न टाकतो की बाबा जाणारेस कुठे? राजगड, लोहगड, कळसूबाई असं मळलेल्या वाटेने करायचं असेल तर जे पायात आहे त्यावर जाऊन ये, शाळेच्या पीटीच्या बुटावर कळसूबाई करून आलेली पोरं मी बघितलीत आणि १६४६ मीटर त्यांनाही तेवढेच होते. पण बेलपाड्यातून नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर यायचंय, मोहरीतून बोराट्याची नाळ (नाळ म्हणजे डोंगरातली अरुंद, धोंड्यांनी भरलेली घळ) उतरून लिंगाणा किल्ल्याच्या पायथ्याला जायचंय, अलंग-मदन किल्ल्यांचे कातळटप्पे करायचेत, किंवा जिथे वाट म्हणजे गावातल्या वाटाड्या मामांच्या डोक्यात असलेली एक रेघ आहे अशा कुठल्यातरी सोंडेवरून घुसायचंय, तर मग बूट हा विषय जरा बसून बोलायचा आहे.

पहिली गोष्ट, बूट चढायला घ्यायचे नसतात, उतरायला घ्यायचे असतात. चढताना तुमचं वजन पंजावर असतं, नजर समोर असते, हात टेकवता येतात, दम लागतो पण पाय सहसा दगा देत नाही. उतरताना मात्र टाचेखाली मुरूम सरकतो, गुडघे थरथरायला लागलेले असतात, बोटं पुढे जाऊन बुटावर आपटत असतात आणि ते असं चार-चार तास चालतं. माझ्या ओळखीतले घसरून पडलेले, पाय मुरगळलेले, नखं काळी झालेले बहुतेक सगळे उतरतानाच. त्यामुळे दुकानात बूट घालून आरशासमोर चालून बघण्याला काही अर्थ नाही, तिथे जिना असेल तर उतरून बघा, उतरता फळा असेल तर त्याच्यावर तोंड खाली करून उभे राहा.

आता आपल्या डोंगरात पायाखाली काय काय येतं ते आधी बघू, कारण परदेशी व्हिडिओ बघून बूट घेणाऱ्यांचा इथेच घोळ होतो. त्यांच्याकडे बर्फ, चिखल, ग्रॅनाईट. आपल्याकडे बेसॉल्ट, म्हणजे लाव्हारसाचा काळा कातळ, थरावर थर. कोरडा असेल तर याच्यासारखा दोस्त नाही, खरखरीत असतो, बोटभर खाचा मिळतात, सोल बरा असेल तर पाय चिकटतो. ओला झाला की दोन प्रकार होतात, नुसता ओला असेल तर चांगलं रबर अजूनही धरतं, पण त्याच्यावर शेवाळ असेल तर कितीही हजारांचा बूट असू दे, साबणावर उभं राहिल्यासारखं होतं. हे मी मुद्दाम सांगतोय कारण 'वेट ग्रिप' लिहिलेला बूट घेतला म्हणून पावसाळ्यात नाळेत शिरणारे लोक आहेत. पावसाळ्यात नाळ म्हणजे ओढाच असतो, वरून पाणी येतं आणि पाण्याबरोबर धोंडे येतात, तिथे बुटाचा प्रश्नच नाही, जायचंच नाही.

कातळाखेरीज घसारा, म्हणजे सुटा मुरूम आणि त्याच्यावर बारीक खडी, सोंडांवर आणि आडव्या मारायच्या ट्रॅव्हर्सवर हा हमखास. मग नाळेतले धोंडे, फ्रीजएवढ्यापासून नारळाएवढे, त्यातले अर्धे हलणारे. आणि डिसेंबरनंतर वाळलेलं गवत, हे लोक मोजतच नाहीत पण उतारावर आडवं झालेलं कोरडं गवत घसाऱ्यापेक्षा वाईट, पाय पडला की सरळ घसरगुंडी. थोडक्यात एकाच दिवसात एकाच बुटाने चार वेगवेगळी कामं करायची आहेत आणि ती एकमेकांच्या विरुद्ध आहेत. गवताला नि मुरमाला खोल दात लागतात, कातळाला जास्तीत जास्त रबर टेकलेलं लागतं. पूर्ण बरोबर असा बूट नाहीच, तडजोड कुठे करायची एवढंच आपल्या हातात.

हा तिढा काही आपल्यालाच पडलेला नाहीये. पूर्वी आल्प्समध्ये लोक खिळे ठोकलेले चामडी बूट घालून जायचे आणि कातळ आला की ते काढून पातळ फेल्टच्या सोलचे बूट घालायचे. १९३५ मध्ये पुंता राझिका नावाच्या शिखरावर अशाच पातळ बुटांवर असलेल्या गटाला वादळाने गाठलं आणि सहा जण थंडीने गेले, वाचलेल्यांत विताले ब्रामानी नावाचा इटालियन गिर्यारोहक होता. त्याने डोक्यात घेतलं की चालायला आणि चढायला एकच सोल पाहिजे, आणि १९३७ मध्ये रबराचा दातेरी सोल काढला. त्याच्या नावाची आणि आडनावाची सुरुवात जोडून कंपनीचं नाव झालं व्हिब्रम, ते पिवळं अष्टकोनी चिन्ह आजही बुटांच्या तळाला दिसतं. पण पिवळं चिन्ह दिसलं की विषय संपला असंही नाही, त्यांच्याच घरात कडक टिकाऊ रबरही आहे आणि कातळावर चिकटणारं मऊ रबरही आहे, मेगाग्रिप हे त्यातलं ओल्या खडकासाठी नावाजलेलं. त्यामुळे नुसतं व्हिब्रम आहे का विचारू नका, कुठलं आहे ते बघा.

नाव कळलं नाही तरी एक गावठी चाचणी आहे. सोलच्या दातावर अंगठ्याचं नख दाबा. किंचित आत जाऊन हळू परत आलं तर रबर मऊ, कातळावर चालेल. नख घसरलं, प्लॅस्टिकवर दाबल्यासारखं वाटलं तर तो बूट पाच वर्षं झिजणार नाही आणि पाच वर्षं तुम्हाला कातळावर नाचवेल. दुकानदार 'सर सोल लाइफटाइम आहे' म्हणाला की मी बूट खाली ठेवतो. धरणारं रबर झिजतंच, पेन्सिल खोडायचा रबर झिजतो तसं, फुकटात पकड मिळत नाही.

दातांचं म्हणाल तर चार-पाच मिलिमीटर खोली आपल्याला पुष्कळ आहे. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे दात ऐसपैस असावेत, मधे चिखल अडकून बसू नये, आणि चवड्याच्या टोकाला, अंगठ्याखाली, एक सपाट रबराचा पट्टा असेल तर सोन्याहून पिवळं, कारण खोबणीत बूट टेकवताना तेवढाच भाग टेकतो, तिथे उंच दात असतील तर ते वाकतात आणि पाय थरथरतो. असल्या सपाट पट्ट्याच्या बुटांना अप्रोच शूज म्हणतात, कातळाच्या पायथ्यापर्यंत चालत जायला आणि सोपा कातळ चढायला बनवलेले. भारतात निवड कमी आणि महाग आहेत, पण तुमचे महिन्याला दोन ट्रेक रॉक पॅचवालेच, म्हणजे कातळटप्प्यांचेच असतील तर पैसे वसूल. त्यांचा तोटा घसाऱ्यावर कळतो, दात उथळ असतात आणि काहींची टाच गोल असते. टाच मागून उलटी करून बघा, कडेला चौकोनी धार आणि उलट्या दिशेचे दात हवेत, तो तुमचा ब्रेक आहे. पळायच्या बुटांची टाच गोल वर वळलेली असते, रस्त्यावर छान, मुरमात टाच रोवायला गेलं की बूड टेकतं.

आता अँकलचा वाद. घोट्यापर्यंतचे बूट घ्यावेत की खालचे, याच्यावर भांडणं झालेली मी बघितलीत. माझं मत स्पष्ट आहे, उंच कॉलरमुळे पाय मुरगळत नाही हा भ्रम आहे. कॉलर मऊ कापडाची असते, साठ-सत्तर किलोचा माणूस सॅकसकट कलंडला तर ती काय धरणार. मुरगळणं वाचवतं ते बुटाचं बूड, म्हणजे तो मधून पिळला जातो का नाही ते. एका हातात टाच, एका हातात चवडा धरा आणि टॉवेल पिळतो तसा पिळा. सहज पिळला तर धोंड्यांच्या नाळेत तुमचा पाय पण तसाच पिळणार. मग चवडा वर दाबून वाकवा, बोटांच्या मुळाशी, जिथे पाय वाकतो तिथेच वाकायला पाहिजे, बरोबर मधे घडी पडली तर ठेवून द्या. तरीपण उंच कॉलरचा उपयोग नाही असं नाही, नाळेत सुटा धोंडा घोट्याच्या हाडावर आदळतो तेव्हा तीच जाड कड वाचवते, आणि कोकणच्या बाजूला दगडांच्या सांध्यात फुरसं हा विषारी साप असतो, त्याच्यासाठीही घोटा झाकलेला बरा (फुल पँट तर हवीच). कातळटप्पे जास्त असतील तर खालचे, घोटा मोकळा राहतो आणि पाय हवा तसा ठेवता येतो. नाळा आणि जंगल जास्त असेल तर मिडकट, म्हणजे घोट्यापर्यंतचे. मी स्वतः आता खालचेच वापरतो पण मी बारीक माणूस आहे आणि सॅक हलकी भरतो, हेही धरा.

वॉटरप्रूफचा नाद सह्याद्रीसाठी तरी सोडा. पाणी नुसतं बुटाच्या कापडातून येत नाही हो, वरून पँटवरून ओघळत मोज्यात येतं, किंवा ओढ्यात गुडघाभर उतरता तेव्हा येतं, आणि मग ते वॉटरप्रूफ अस्तर पाणी बाहेर जाऊ देत नाही, दिवसभर बादलीत पाय घालून चाललो असं वाटतं. फेब्रुवारीनंतरच्या उन्हात तर आत भट्टी. जाळीचा बूट ओला होतो पण चार पावलांत निथळतो आणि रात्रीत बराचसा वाळतो. फक्त जाळी बारीक विणीची घ्या, मोठ्या भोकांची नको, कारण कुसळं. ज्यांनी ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवतातून चाल मारलीये त्यांना कळेल, जाळीतून, मोज्यातून सुईसारखी घुसतात आणि एकेक उपटायला बसलं की अर्धा तास जातो. हिमालयात बर्फात जाणार असाल तर वॉटरप्रूफ हवेत, तो हिशोब वेगळा.

मापाबद्दल थोडं निवांत बोलतो कारण महागडे बूट घेऊन लोक इथे मार खातात. संध्याकाळी जा, दिवसभराने पाय थोडा सुजलेला असतो आणि ट्रेकमध्येही तो तसाच होणार. ट्रेकला घालता तेच मोजे बरोबर न्या, दुकानातला पातळ नायलॉनचा मोजा नको. लेस सैल असताना पाय पुढे सरकवा, टाचेमागे एक बोट जायला हवं. मग टाच मागे ठोकून लेस बांधा आणि पुढे अंगठ्याच्या नखापासून अर्धा अंगठा तरी जागा हवी. आता बुटाचं टोक जमिनीवर किंवा पायरीच्या उभ्या बाजूवर तीन-चार वेळा ठोका, बोट पुढे आपटलं तर अर्धा नंबर वर. टाच चालताना उचलली जात असेल तर नंबर कितीही बरोबर असो, फोड येणारच. आपल्यातल्या बऱ्याच जणांचा पंजा रुंद असतो, लहानपणी अनवाणी नाहीतर चपलेत वाढलेला पाय, आणि युरोपच्या काही कंपन्यांचे साचे अरुंद असतात. करंगळी दाबली जात असेल तर 'वापरून सैल होईल' हे ऐकू नका, चामडं थोडं सैल होतं, सिंथेटिक होत नाही, दुसरी कंपनी बघा. पण कातळासाठी म्हणून एकदम घट्टही नको आणि एकदम ढगळही नको, ढगळ बुटात खोबणीवर उभं राहिलात की बूट तिथेच राहतो आणि पाय आत फिरतो, ते जास्त भीतीदायक आहे, खाली दरी असताना तर विचारूच नका. एका पायाच्या चवड्याची आतली कड पायरीच्या धारेवर ठेवून अंग उचलून बघा. आत पाय हलला नाही आणि पिंढरीला फार पीळ बसला नाही तर बूट पास.

पैशाचं बोलायचं तर आमची अख्खी पिढी ॲक्शनच्या ट्रेकिंग शूजवर सह्याद्री फिरली. स्वस्त, दिसायला काही खास नाही, पण सोल आपल्या कातळाला असा चिकटायचा की लोक नावाने मागायचे. हंटर शूज म्हणजे ते कॅनव्हासचे हिरवे, तेही बरेच जण वापरायचे, हलके, नवे असताना पकड चांगली, फक्त सोल पातळ त्यामुळे दगड तळव्याला टोचतात आणि लवकर संपतात. नेपाळचे गोल्डस्टार पण अशाच लोकांचे लाडके. डिकॅथलॉनमुळे आता मधल्या भावातले बरे पर्याय एका छपराखाली घालून बघता येतात, ते चांगलं झालं. सुरुवात करणाऱ्याने दोन-तीन हजारांच्या वर जाऊच नये असं मला वाटतं, दहा-बारा घाटवाटा झाल्या की तुमचा पाय तुम्हाला सांगतो काय हवंय, मग खुशाल बारा हजार घाला. आणि मामा अनवाणी किंवा टायरच्या चपलेवर नाळ उतरतात म्हणून आपणही फ्लोटर्स घालून जाऊ हे डोक्यात आणू नका, त्यांचा तळवा जन्मभर त्या दगडांवर घडलाय, आपला ऑफिसच्या टाइल्सवर. रॉक पॅचला बूट काढून चढणारे बरेच असतात, कोरड्या छोट्या टप्प्याला ते जमतं, बोटं खोबणीत नीट बसतात, पण चढून गेल्यावर ते बूट वर कोण आणणार हे आधी ठरवा, गळ्यात लेसने अडकवलेला बूट नेमका हात टाकायच्या वेळी तोंडासमोर येतो.

आता सोल निघण्याबद्दल. माझ्या बाबतीत झालंय म्हणून कळकळीने सांगतो. चांगल्या नावाच्या कंपनीचे बूट, मोजून सहा-सात ट्रेक झालेले, मग दोन वर्षं माळ्यावर खोक्यात. काढले, नव्यासारखे चकचकीत, घालून बोराट्याच्या नाळेत उतरलो. निम्म्यात टाचेपासून सोल उघडला, दहा मिनिटांत लटकायला लागला, थोड्या वेळाने दुसराही. आतलं फोम हातात घेतलं तर शिळ्या केकसारखा भुगा. मामांनी पोत्याची पट्टी फाडून बांधून दिली आणि राहिलेली नाळ मी बसत-सरकत उतरलो, पँटचं काय झालं ते सोडा. नंतर कळलं की बऱ्याच बुटांत मधला थर पॉलियुरेथेनचा असतो आणि हवेतल्या दमटपणाने तो आतून विरघळत जातो, वापरा नाहीतर ठेवा, आणि गंमत म्हणजे ठेवून दिलेले बूट लवकर जातात. आपला पावसाळा म्हणजे त्याला मेजवानीच. ईव्हीए नावाच्या दुसऱ्या फोमचा थर असेल तर असा भुगा होत नाही, तो हळूहळू चपटा होत जातो, म्हणजे निदान सांगून मरतो.

म्हणून सेलमध्ये बूट घेताना खोक्यावर छापलेला बनवल्याचा महिना-वर्ष बघाच, तीन-चार वर्षं गोदामात पडलेला माल निम्म्या किमतीत का देतायत ते तिथे कळतं. जुने बूट बाहेर काढले तर ट्रेकच्या आदल्या रात्री नाही, पंधरा दिवस आधी काढा आणि पर्वतीला, तळजाईला, सिंहगडाला, मुंबईत असाल तर कान्हेरीच्या पायऱ्यांना दोन-तीनदा घालून जा, नवे बूटही असेच मुरवायचे. सोलची कड अंगठ्याने सगळीकडून ओढून बघा. आणि घराजवळच्या मोचीकडे नेऊन सोलला चहूबाजूंनी टाके मारून घ्या, जाड दोऱ्याने, शंभर-दीडशे रुपयांत काम होतं, चिकटवलेल्या सोलवर माझा विश्वास उरलेला नाही. (वॉटरप्रूफ बुटाला टाके मारले तर अस्तराला भोकं पडतात, पण तुम्ही ते घेतलेच नसतील अशी आशा.) तरी सोल निघालाच तर बांधायला सॅकमध्ये चार-पाच प्लॅस्टिकचे केबल टाय आणि दोनेक मीटर नायलॉनची दोरी ठेवा, वजन काही नाही.

वापरताना दोन सवयी लावून घ्या. उतार सुरू व्हायच्या आधी थांबून लेस पुन्हा बांधायची, घोट्यापाशी आवळून, सगळ्यात वरच्या भोकांतून फास करून टाच मागे खेचून, बोटांकडे जरा सैल. एवढ्याने नखं वाचतात, नखं आदल्या दिवशी कापलेली असतील तर. आणि कातळाला हात घालायच्या आधी सोल पुसायचा, पँटच्या पोटरीवर घासा, कातळावर घासा, कशावरही, पण माती काढा. रबर आणि कातळ यांच्यामध्ये धूळ आली की तुम्ही धुळीवर उभे असता, बुटावर नाही, आणि हे अनुभवी लोकही विसरतात.

ओले बूट चुलीजवळ ठेवू नका, गोंद सुटतो, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तास-दोन तासांनी बदला. मोजे सुती नकोत, दोन जोड हवेत. आणि अंगठ्याखालचे दात झिजून चवड्याशी सपाट झाले की त्या बुटांना कातळावर नेणं बंद करायचं, मग ते टेकडीला, बाजाराला, पावसात गाडीवर, माझे तसले दोन जोड आहेत आणि बायको दर दिवाळीला ते फेकायला काढते.